हातपंपाची जागा: जामखेडच्या आरोग्य प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

१९७२च्या दुष्काळात अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेड परिसरात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आपल्या आरोग्य प्रकल्पातून गावोगावी बोअर घेऊन हातपंप बसवायला सुरुवात केली. हे करताना त्यांनी एक गोष्ट ठरवून केली. शक्य तिथे पंपाची जागा दलितवस्तीत धरली.

तेव्हाच्या गावात पाणवठे जातीप्रमाणे वाटलेले होते. दलित बाईने गावच्या विहिरीच्या काठावर चढायचं नाही. कुणी दया येऊन वरून पाणी ओतलं तर घागर भरायची, नाहीतर ओढ्याच्या वाळूत झरा उकरून वाटीवाटीने गोळा करायचं. दुष्काळाने गावच्या विहिरींचा तळ उघडा पाडला आणि पिण्याजोगं पाणी फक्त त्या पंपाला उरलं. मग वरच्या आळीतल्या बायकाही घागरी घेऊन वस्तीत येऊ लागल्या. कुणी व्याख्यान दिलं नव्हतं की अस्पृश्यतेविरुद्ध फलक लावला नव्हता. हगवण आणि नारू यांची वाट बंद करणारं पाणी आणि शतकांची पायवाट उलटी फिरवणारं पाणी एकाच नळीतून येत होतं.

आरोग्यातली विषमता कमी करण्याची बहुतेक कामं एका क्रमाने चालतात. आधी सेवा उभी राहते, मग ती सगळ्यांपर्यंत पोहोचते का ते पाहिलं जातं आणि जे सुटले त्यांच्यासाठी शेवटी एखादी ‘विशेष मोहीम’ निघते. जामखेडने हा क्रम उलटा लावला. जे सगळ्यात शेवटी सुटणार होते त्यांच्या दारातून काम सुरू झालं. या प्रकल्पाचं यश मोजताना बालमृत्यूचे आकडे नेहमी पुढे येतात आणि ते यावेतच. पण ते आकडे खाली का आले याचं उत्तर मला या उलट्या क्रमात दिसतं. समता हा तिथे आरोग्यकार्याला जोडलेला चांगुलपणा नव्हता. तिच्यावाचून ते काम चाललंच नसतं.

आधीचं चित्र

आरोळे पती-पत्नी दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. १९६०च्या दशकात त्यांनी नगर जिल्ह्यातच वडाळा इथल्या मिशन रुग्णालयात काम केलं. रुग्णालय चांगलं चाललं होतं, गर्दी होती, शस्त्रक्रिया होत होत्या. तरी बरी करून घरी धाडलेली माणसं काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत दारात उभी राहत. जुलाबाने सुकलेलं मूल सलाईन लावून वाचवायचं आणि त्याला त्याच पाण्याकडे, त्याच उपासमारीकडे परत पाठवायचं, हे चक्र त्यांना खुपत होतं. पुढे दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७० साली जामखेड गाठलं. सुरुवात झाली ती वापरात नसलेल्या जनावरांच्या दवाखान्याच्या इमारतीत.

जामखेड म्हणजे नगर जिल्ह्याचं आग्नेय टोक, बीडच्या सीमेला लागलेलं. पाऊस बेभरवशाचा, ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती, दिवाळी झाली की ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबं. प्रकल्पाने सुरुवातीला केलेल्या पाहणीत बालमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ निघाला. म्हणजे साधारण सहातलं एक मूल पहिला वाढदिवस पाहत नव्हतं. त्याच सुमाराला देशाचा दर १२९ होता. पाच वर्षांखालच्या मुलांत दर शंभरी चाळीस कुपोषित होती. लसीकरण, बाळंतपणापूर्वीची तपासणी आणि प्रशिक्षित हातांनी केलेलं बाळंतपण यांचं प्रमाण एक टक्क्याच्या आतबाहेर होतं.

मात्र हे आकडे सरासरीचे आहेत, आणि सरासरीत गावाची रचना लपते. ज्या घरात दुभती म्हैस आणि स्वतःची विहीर आहे तिथलं मूल आणि ज्या घरातली आई बाळंतपणानंतर दहाव्या-बाराव्या दिवशी खडी फोडायला जाते तिथलं मूल, दोघं एकाच १७६मध्ये मोजली जातात. शिवाय एकाच घरात मुलगा आजारी पडला तर बैलगाडी जुंपली जाई आणि मुलगी आजारी पडली तर अंगारा लावला जाई. विषमता वस्त्यावस्त्यांमधे होती तशी एका पाळण्यात आणि दुसऱ्या पाळण्यातही होती.

नर्स टिकेना

पहिला आराखडा डॉक्टरी पद्धतीचाच होता. सहायक परिचारिकांना गावात राहायला पाठवायचं, त्यांनी गरोदर बायकांची तपासणी, लसीकरण, आरोग्यशिक्षण करायचं. कागदावर यात काही खोट नव्हती. प्रत्यक्षात एकट्या राहणाऱ्या तरुण परक्या बाईला गावात मान नव्हता आणि सुरक्षितताही नव्हती. तिची भाषा पुस्तकी, राहणी शहरी. गावच्या बायका तिचं ऐकून घेत आणि घरी जाऊन सासू सांगेल तेच करत. नर्सना गावात करमेना, गावाला त्या आपल्या वाटेनात. तेव्हा गावातल्याच एका पुढाऱ्याने सुचवलं की हे काम गावचीच बाई का करणार नाही?

त्या सूचनेतून ग्राम आरोग्यसेविका उभी राहिली. गावाने निवडलेली, बहुधा चाळिशीच्या आसपासची, मुलंबाळं झालेली, गावातच राहणारी. यातल्या कितीतरी बायका दलित आणि इतर मागास जातींतल्या होत्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. अनेकींचं लग्न लहानपणी झालेलं, काही नवऱ्याने टाकलेल्या. गावच्या उतरंडीत ज्यांच्या खाली कुणी नव्हतं अशा बायकांच्या हाती गावचं आरोग्य द्यायचं ठरलं.

गावच्या कारभाऱ्यांनी हे मान्य कसं केलं असेल? माझा अंदाज असा की सुरुवातीला या कामाची किंमत कुणाला कळलीच नव्हती. पगार नाही, खुर्ची नाही, शिक्का नाही. परक्याचं बाळंतपण करायचं, हगवण लागलेल्या पोरांजवळ बसायचं, हे काम वरच्या आळीतल्या बाईला नकोच होतं. ज्यात प्रतिष्ठा नाही असं वाटलं ते काम खालच्या माणसाच्या वाट्याला सहज सोडलं गेलं. त्या कामातून सत्ता तयार होते हे गावाच्या ध्यानात आलं तोवर तिच्या हातून बरीच मुलं वाचलेली होती.

प्रशिक्षण दर आठवड्याला जामखेडला होई. एकदा शिकवून प्रमाणपत्र देण्याची तिथे पद्धत नव्हती. बायका यायच्या, मुक्काम करायच्या, गेल्या आठवड्यात गावात काय घडलं ते सांगायच्या आणि त्यातून पुढचा धडा निघायचा. एखादीच्या गावात गोवर आला असेल तर त्या आठवड्याचा विषय गोवर. लिहिता-वाचता येत नसल्याने सगळं पाठांतरावर, चित्रांवर, गाण्यांवर आणि हाताच्या सरावावर. वेगवेगळ्या जातींच्या या बायका एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत, एका खोलीत झोपत. सुरुवातीला हे सोपं गेलं नाही. पण दर आठवड्याला तेच घडत राहिल्यावर विटाळाची भीती हळूहळू निघून गेली. शिवाशिव सोडण्याचं शिक्षण आणि नाळ कापण्याचं शिक्षण एकाच छपराखाली झालं, आणि दोन्ही हाताने शिकली गेली.

गावात परतल्यावर परीक्षा खडतर होती. दलित सेविकेला सवर्णांच्या घरात उंबऱ्याच्या आत घेत नसत. ती ओसरीच्या बाहेर उभी राहून बोलायची. मग कधीतरी रात्री-अपरात्री त्या घरातली सून अडायची, किंवा नातू जुलाबाने डोळे फिरवायचा, आणि तिला आत बोलावलं जायचं. मूल जगलं की पुढच्या वेळी उंबरा आडवा येत नसे. असे अनुभव एका गावाचे नाहीत, गावागावांतून सांगितले गेलेले आहेत. सून जगावी, नातू जगावा ही इच्छा जातीच्या शिस्तीपेक्षा जोरकस निघाली आणि प्रकल्पाला नेमकी तिचीच साथ मिळाली.

पुरुषांना वगळून हे झालं नसतं. तरुण शेतकरी मंडळांची सुरुवात बऱ्याच ठिकाणी व्हॉलीबॉलने झाली. खेळायला पुरेशी माणसं जमवायची तर सगळ्या आळ्यांतली पोरं लागतात. खेळानंतर बसून शेती, बी-बियाणं, पाणी, मग हळूहळू मुलांचं आरोग्य असे विषय निघत. दुष्काळात मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली ती याच मंडळांनी. सरकारी सुकडी आणि रेशनवरच्या मिलोचा, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीचा, तो काळ. इथे सगळ्या जातींची मुलं एका ओळीत बसून जेवत. पुढे महिला विकास मंडळं आली. त्यांत बचत, शेळ्या-कोंबड्यांसारखे जोडधंदे, बँकेचं कर्ज असे विषय होते. सेविकेला प्रकल्पातून मोठा मोबदला मिळत नसे. स्वतःच्या जोडधंद्यावर ती उभी राहिली तर घरात आणि गावात तिचा शब्द टिकेल, असा त्यामागचा विचार होता. याच्याशी मी पूर्ण सहमत नाही, त्याबद्दल पुढे.

बालमृत्यू कशाने खाली आले

प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १७६चा दर १९७६पर्यंत ५२वर आला. पाच वर्षांत मोठं रुग्णालय बांधून असं होत नाही. हे कसं घडलं ते समजायचं तर तेव्हाची मुलं कशाने दगावत ते पाहावं लागतं.

पहिलं कारण धनुर्वात. नाळ विळ्याने कापायची, जखमेला राख किंवा शेण लावायचं. आठवड्याभरात मूल आखडायचं, दूध ओढायचं थांबायचं आणि संपायचं. यावर उपाय म्हणजे आईला गरोदरपणात धनुर्वाताची दोन इंजेक्शनं आणि बाळंतपणाला नवं ब्लेड, उकळलेला दोरा, साबण, स्वच्छ फडकं. दुसरं कारण हगवण. जुलाब लागले की मुलाचं पाणी तोडायचं, अशी समजूत होती. आत गेलेलं पाणीच बाहेर पडतं असं वाटायचं. उपाय म्हणजे नेमकं उलटं करणं, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजत राहणं. तिसरं, बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक पिळून टाकायचा आणि मुलाला दोन-तीन दिवस गूळपाण्यावर ठेवायचं. चौथं, पोटुशी बाईने कमी खावं म्हणजे मूल लहान राहून बाळंतपण सोपं होईल, हा सल्ला. त्यातून कमी वजनाचं मूल जन्मायचं आणि पहिल्याच न्यूमोनियाला किंवा गोवराला बळी पडायचं.

या यादीतल्या एकाही गोष्टीला डॉक्टर लागत नाही. पैसाही फारसा लागत नाही. लागतं ते असं माणूस, जे रोज त्या घरात जाऊ शकेल, सासूशी वाद न घालता तिला वळवू शकेल, आणि ज्याने स्वतः तसंच मूल गमावलेलं असेल. नर्सने ‘चीक पाजा’ सांगणं आणि शेजारच्या आळीतल्या बाईने ‘माझ्या नातवाला पाजला, बघ कसा झालाय’ म्हणणं यांत माहिती एकच असते, वजन वेगळं असतं. आरोग्यशिक्षणाच्या भित्तिपत्रकांवर आपण इतका खर्च करतो, पण सांगणारा कोण आहे यावर ऐकणं अवलंबून असतं हे विसरतो.

दुसराही परिणाम झाला. सेविका वस्तीतली असल्याने तिच्या फेऱ्या वस्तीतून सुरू होत. एरवी बाहेरून येणारी आरोग्याची गाडी गावठाणात, देवळासमोर किंवा चावडीपाशी थांबते. तिथून वस्ती अर्धा कोस. ज्यांना सेवेची सगळ्यात कमी गरज त्यांना ती सगळ्यात आधी मिळते. जामखेडमध्ये हे अंतर दुसऱ्या बाजूने मोजलं गेलं. सगळ्यात जास्त मुलं जिथे मरत होती तिथेच सगळ्यात जवळ औषध आणि ज्ञान होतं. दर इतक्या वेगाने खाली येण्याचं साधं अंकगणितही हेच आहे. जिथे हजारात अडीचशे मरतात तिथे निम्मे वाचवले तर एकूण आकडा झपाट्याने खाली येतो. जिथे साठच मरतात तिथे निम्मे वाचवूनही तो फारसा हलत नाही.

कुष्ठरोगाचं काम याच धाटणीचं. वेगळी वसाहत नाही, वेगळी खिडकी नाही. कुष्ठरुग्ण इतरांबरोबर त्याच बाकावर बसत. सेविका घरोघर फिरताना बधिर चट्टे ओळखत आणि गावातच उपचार पूर्ण करून घेत. रोग लवकर सापडला की विकृती येत नाही, विकृती आली नाही की माणूस गावाबाहेर जात नाही.

सेविकेच्या मागे फिरतं पथक होतं आणि त्या मागे जामखेडचं रुग्णालय. अडलेलं बाळंतपण, गंभीर न्यूमोनिया, शस्त्रक्रिया यांसाठी ती वाट मोकळी होती. ‘गावातल्या बाईने सगळं केलं’ असं सांगण्याच्या उत्साहात हे विसरलं जातं. मागे रुग्णालय नसेल तर सेविकेचा शब्द पहिल्या मोठ्या संकटात खोटा पडतो.

आकड्यांचा हिशेब

जामखेडची कीर्ती लवकर पसरली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जगभरातल्या लोकाधारित आरोग्य प्रयोगांचा संग्रह प्रसिद्ध केला त्यात जामखेड होतं. १९७८च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची जी कल्पना मांडली गेली तिला आधार देणाऱ्या प्रयोगांत त्याची गणना होते. १९७९मध्ये आरोळे पती-पत्नींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९मध्ये गेल्या, रजनीकांत २०११मध्ये.

कीर्ती असली तरी आकडे तपासून घ्यावेत. १७६ आणि ५२ हे आकडे प्रकल्पाने स्वतः गोळा केलेले, मर्यादित लोकसंख्येतले आहेत. त्याच काळात महाराष्ट्राचा बालमृत्यू दरही घटत होता. रस्ते झाले, रोजगार हमी आली, लसीकरण वाढलं. मग यात जामखेडचं श्रेय किती?

याचं बरं उत्तर २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापलेल्या एका अभ्यासातून मिळतं. प्रकल्पातली गावं आणि तशाच परिस्थितीतली बाहेरची गावं निवडून, बायकांना त्यांच्या सगळ्या बाळंतपणांचा इतिहास विचारून संशोधकांनी तुलना केली. एक महिना पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या वयात मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात मात्र तसा फरक दिसला नाही.

हा निष्कर्ष मला जामखेडच्या कौतुकाच्या दहा लेखांपेक्षा मोलाचा वाटतो. काम सुरू होऊन काही दशकं झाल्यावरही, बाहेरच्या गावांत सरकारी सेवा पोहोचलेल्या असतानाही ३० टक्क्यांचा फरक टिकून राहणं ही मोठी गोष्ट आहे. आणि पहिल्या महिन्याची पोकळीही तितकीच खरी. धनुर्वात गेल्यावर नवजात बाळं ज्या कारणांनी मरतात, म्हणजे जन्मतः श्वास न घेणं, जंतुदोष, अपुऱ्या दिवसांचा जन्म, त्यांना नुसतं सांगणं-समजावणं पुरत नाही. तिथे दारातच उपचार लागतो. ते काम महाराष्ट्रातच, गडचिरोलीत झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाचा श्वास सुरू करणं, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणं, बाळ उबदार ठेवणं शिकवलं. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. एका प्रयोगाची उणीव दुसऱ्याने भरून काढली, आणि दोन्हींचा कणा गावातली बाईच होती.

सरकारने काय घेतलं, काय गाळलं

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, नेमायचं ठरलं. आशा ही जामखेड, गडचिरोली आणि देशातल्या अशा अनेक कामांची वारस आहे. २०११पासून ती बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात वेळा जाते. कोविडच्या काळात या बायकांनी काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यांच्याविषयी आदर ठेवूनच पुढचं लिहितो आहे.

आशाच्या निवडीसाठी किमान आठवीपर्यंत शिक्षणाची अट घातली गेली. योग्य बाई मिळाली नाही तर ती शिथिल करण्याची सोय होती, पण सोय आणि पायंडा यांत फरक असतो. प्रशासनाच्या नजरेने अट रास्त आहे, नोंदवह्या भरायच्या आहेत, अर्ज लिहायचे आहेत. पण २००५ साली गावात आठवी शिकलेली तिशीची सून कुणाच्या घरात असणार होती? पालावरच्या, वस्तीवरच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत क्वचितच. म्हणजे जामखेडने ज्या बाईपासून सुरुवात केली तिलाच या चाळणीने बाजूला केलं. बऱ्याच गावांत आशा वस्तीतली नसते आणि तिची फेरी गावठाणातून सुरू होते. जिथे ती वस्तीतली आहे तिथे काय फरक पडतो हे तपासणं अवघड नाही. त्यासाठी आशाची वस्ती आणि तिच्या क्षेत्रातले मृत्यू व लसीकरण एकत्र मांडून पाहावे लागतील.

मोबदल्याचा प्रश्न यालाच जोडून आहे. जामखेडच्या सेविकेला पगार नव्हता, ती गावाला बांधील राहावी हा हेतू. छोट्या क्षेत्रात, पाठीशी डॉक्टर आणि दर आठवड्याचा आधार असताना ते चाललं. तोच दाखला देऊन राज्यभरातल्या हजारो बायकांना ‘स्वयंसेविका’ म्हणणं आणि कामागणिक तुकड्यातुकड्याने पैसे देणं हा अन्याय आहे. विषमता कमी करायला निघालेली यंत्रणा स्वतःच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या बाईला कमी पैशांत राबवत असेल तर ती विषमता वाढवते. इथे मी जामखेडच्या बाजूने उभा राहत नाही.

प्रशिक्षणाबाबत मात्र जामखेडच बरोबर होतं. दर आठवड्याला एकत्र येणं, आपल्या गावची घटना सांगणं, चुकलेलं पुन्हा शिकणं, याची जागा आता मासिक आढावा बैठकांनी घेतली आहे. त्यात आशा आकडे देते आणि नवे तक्ते घेऊन परत जाते.

गाव सोडून जाणाऱ्या बायका

जामखेडच्या पद्धतीची सगळ्यात मोठी मर्यादा त्याच मातीत दिसते. ही पद्धत गावाला धरून उभी आहे. सेविका गावात, मंडळ गावात, पंप गावात. ज्यांचं वर्षातले पाच-सहा महिने गावच नसतं त्यांचं काय?

दिवाळीनंतर बीड, जामखेड, पाथर्डी, आष्टी भागातून नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेते आणि साखर कारखान्याच्या उसाच्या फडावर जाते. मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. न्हाणी नाही, संडास नाही, पहाटे चारला तोड सुरू. एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे उचलीतून पैसे कापले जाणार. पाळी आली तरी मोळ्या उचलायच्या, सातवा महिना असला तरी गाडी भरायची. या काळात तिच्या गावची आशा तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लिहिते आणि फडाजवळच्या गावची आशा तिला आपली मानत नाही.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल ओरड झाली तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची माहिती घेतली गेली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. शंभरात जवळपास सतरा. देशात १५ ते ४९ वयोगटातल्या बायकांमध्ये हे प्रमाण तीनच्या आसपास आहे. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं अशा साध्या तक्रारी वेळेवर बऱ्या होत नाहीत. मग खासगी दवाखान्यात ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाते. पिशवी काढली की पाळीचा त्रास संपेल, खाडा पडणार नाही, हा हिशेब बाई स्वतःही करते. कर्ज काढून शस्त्रक्रिया होते आणि ते फेडायला पुढच्या हंगामाची उचल.

सत्तरच्या दशकात विषमता म्हणजे सेवा न मिळणं होतं. इथे ती नको ती सेवा विकत घ्यावी लागण्याच्या रूपात आहे. मीठ-साखरेच्या पाण्याइतकं सोपं उत्तर याला नाही, पण जामखेडचा उलटा क्रम इथेही लावता येतो. प्रत्येक टोळीतली एक बाई निवडावी, तिला अक्षरओळख असो-नसो. जंतुदोषाची लक्षणं, पाळीच्या तक्रारी, गरोदरपणातल्या धोक्याच्या खुणा तिला निघण्यापूर्वीच्या पावसाळ्यात दर आठवड्याला शिकवाव्यात. औषधांची पेटी तिच्याजवळ असावी, फडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राने तिची चिठ्ठी मानावी. गर्भाशय काढण्याचा सल्ला कुणी दिला तर सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञाचं दुसरं मत तिने मिळवून द्यावं. तिच्या कामाचा मोबदला कोयत्याच्या हिशेबाबाहेर, वेगळा आणि ठरलेला असावा, आणि तो कारखान्याने भरावा. गाळप हंगामाचा परवाना देताना सरकार कारखान्यांना अटी घालतंच, त्यात ही एक घालायला नवा कायदा लागणार नाही.